एएम रेडिओतली खरखर नेमकी येते कुठून? घरातल्या घरात चोर पकडायची पद्धत

माळ्यावरनं वडिलांचा जुना रेडिओ काढला, सेल टाकले, काटा ७९२ वर आणला आणि पुणे केंद्राच्या जागी नुसती भुणभुण ऐकू आली, असं तुमचंही झालं असेल तर आधी एक गोष्ट, रेडिओ लगेच दुरुस्तीला नेऊ नका. दहातल्या आठ वेळा रेडिओ ठणठणीत असतो, घर बिघडलेलं असतं. म्हणजे घरातलं काहीतरी. हे काहीतरी कसं शोधायचं ते मी गेल्या दोनेक वर्षांत हळूहळू शिकलो, बऱ्याच चुका करून, तर ते इथे लिहितोय. मी राहतो कराडजवळ, आमच्याकडे पूर्वी सांगली १२५१ आणि पुणे ७९२ दिवसा स्वच्छ लागायचं, मुंबई अस्मिता ५५८ पण कान देऊन ऐकलं तर मिळायचं. तेव्हा घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू किती होत्या, बल्ब, पंखा, मिक्सर आणि इस्त्री. आता मोजायला बसा, माझ्या घरात प्लगला कायम लागलेल्या एकोणीस निघाल्या.

एफएमवर हा त्रास का नाही असं बरेच जण विचारतात. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीवर चढवलेला असतो, उंची कमीजास्त झाली की स्पीकरमधून आवाज. आणि ठिणगी, स्विच, चार्जर हे सगळं जे कचरा सोडतं तो पण उंचीतच मिसळतो, मग रेडिओ बिचारा दोन्ही इमानदारीने वाजवतो, त्याला काय कळणार गाणं कुठलं आणि चार्जर कुठला. एफएममध्ये आवाज लहरीच्या वारंवारितेत असतो त्यामुळे उंचीतली गडबड सेट कापून टाकू शकतो. शिवाय चार्जर वगैरेंचा कचरा मीडियम वेव्हच्या पट्ट्यातच, म्हणजे जिथे ही एएम स्टेशनं असतात तिथेच, जास्त दाट असतो.

सुरुवात करायच्या आधी

रेडिओ सेलवरच चालवा. अडॅप्टर लावून शोधायला बसलात तर चोरालाच बरोबर घेऊन फिरल्यासारखं आहे. छोटा, हातात धरता येईल असा सेट सगळ्यात बरा, आणि सेल नवे घाला कारण सेल उतरले की आवाज फाटतो आणि आपण उगाच भलतीकडे शोधत बसतो.

मग रेडिओ घेऊन घराबाहेर जा, शेतात, मैदानात, नदीकडे, विजेच्या तारांपासून शंभर-दीडशे मीटर तरी लांब. तिथे ७९२ कसं लागतंय ते ऐका. तिथे स्वच्छ लागलं तर रेडिओ बरा आहे, खात्री झाली. तिथेही तशीच खरखर असेल तर मात्र सेटमध्ये बघा, व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखरतंय का (ती धूळ असते, काँटॅक्ट क्लीनर मारला की जाते), आतल्या फेराइट रॉडची (तार गुंडाळलेली काळी कांडी, तीच एएमची अँटेना) बारीक तार तुटलीय का. ही मैदानाची पायरी लोक गाळतात. मी पण गाळली होती आणि दोन संध्याकाळ चांगला सेट खोलून बसलो होतो.

आणखी एक, बाहेरच्या देशातून आणलेला डिजिटल सेट असेल तर त्यात ९ आणि १० किलोहर्ट्झची सेटिंग असते ती बघा. आपल्याकडे स्टेशनं ९ च्या पायरीने आहेत, अमेरिकेत १० च्या. सेट १० वर असला की तो ७९० वर थांबतो किंवा ८०० वर, आणि ७९२ फाटकं ऐकू येतं, लोक त्याला पण खरखरच म्हणतात.

खरखर नीट ऐकायला शिका

आता घरात या आणि जिथे कुठलंच स्टेशन नाही अशा रिकाम्या जागी काटा लावा, दिवसाच. रात्री लांबलांबची स्टेशनं आकाशातल्या थरावरून परावर्तित होऊन येतात, एकमेकांवर चढतात आणि गोंधळ होतो, त्यामुळे शोधाशोध दुपारी केलेली बरी. डोळे मिटून ऐका. ऐकायला वेडेपणा वाटेल पण आवाजावरूनच अर्धं काम होतं.

सलग घर्रर्र अशी भुणभुण, पट्ट्यात सगळीकडे, म्हणजे विजेवर चालणारं काहीतरी. आपली वीज ५० हर्ट्झची, पण तिच्या प्रत्येक फेरीत दोनदा झटका बसतो म्हणून ऐकू येते ती १०० हर्ट्झची घरघर. एलईडी बल्बचा आतला ड्रायव्हर, गुळगुळीत फिरणारा पंख्याचा रेग्युलेटर, खांबावरचा ढिला इन्सुलेटर, सगळे याच कुळातले. रेग्युलेटरचं एक सांगतो, टक टक करून १ ते ५ वर जाणारे हल्लीचे बहुतेक कपॅसिटरवाले असतात, ते शांत असतात, पण जो बटणासारखा सलग फिरतो त्यात ट्रायक, म्हणजे वीज कापून कापून सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो आणि तो पंखा मध्यम वेगावर असताना सगळ्यात जास्त ओरडतो. पंखा फुल्ल केला आणि भुणभुण कमी झाली तर समजा सापडला. माझ्या मेहुण्याकडे पुण्यात हाच निघाला, पाच मिनिटांत. त्याला वाटलं मी जादूगार आहे, मी पण काही बोललो नाही.

काटा फिरवताना भुणभुण ठरावीक अंतरावर उगवते, मध्ये शांत, परत उगवते, असं असेल तर तो चार्जर किंवा अडॅप्टर. त्याच्या आत एक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो, समजा ६५ किलोहर्ट्झने, तर दर ६५ किलोहर्ट्झवर त्याचं पिल्लू सापडतं. दोन पिल्लांमधलं अंतर कागदावर लिहून ठेवा, पुढे दोन अडॅप्टर संशयित असले की कुठला ते यावरून ठरवता येतं.

टक्... टक्... टक्... साधारण सेकंदाला एक, घड्याळासारखं? शेतातलं झटका मशीन. रानडुकरासाठी कुंपणाला लावतात ते. गंमत म्हणजे मशीन नीट असेल तर फार त्रास देत नाही, कुंपणाची तार वाढलेल्या गवताला टेकली किंवा जोड ढिला झाला की तिथे ठिणगी पडते आणि ती ठिणगी रेडिओत ऐकू येते. आमच्या शेजारच्या रानात हेच होतं. मी जाऊन म्हटलं काका तुमची तार कुठेतरी गवताला लागतीये, ते म्हणाले तुला कसं कळलं रे घरात बसून. गवत कापलं, टकटक गेली, त्यांचा झटकाही जोरात बसायला लागला. दोघांचंही काम झालं.

मधूनच कडकड, कसलाच नियम नाही, एप्रिल-मेच्या दुपारी जास्त, ती वीज. आकाशातली. शेकडो किलोमीटरवरची पण ऐकू येते, वळवाच्या दिवसात तर आपल्याकडे ऊन असतं आणि रेडिओ मात्र कडाडत असतो. याला उपाय नाही, रेडिओ बंद करा आणि अंगणातले कपडे काढून घ्या.

एकदाच फट्ट, वीस मिनिटांनी परत फट्ट, तो फ्रीजचा थर्मोस्टॅट. मिक्सर, शिलाई मशीन, ड्रिल यांच्या मोटारीत कार्बन ब्रश असतात, ते खर्रर्र करतात पण मशीन बंद झालं की संपलं, त्यांच्यामागे लागू नका.

मेन स्विचची परीक्षा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. घरातल्यांना आधी सांगा (मी सांगितलं नव्हतं, मुलीचा ऑनलाइन क्लास चालू होता, असो). रेडिओ सेलवर, रिकाम्या जागी, आवाज मोठा करून ठेवा आणि मेन स्विच पाडा. खरखर थांबली तर चोर तुमच्या घरात. तशीच राहिली तर बाहेर, शेजारी नाहीतर खांबावर.

पण थांबा, इथेच मी महिनाभर फसलो होतो. मेन पाडला, खरखर तशीच. म्हटलं बाहेरचीच आहे, आणि संध्याकाळी रेडिओ घेऊन गल्लीभर फिरलो, लोक बघायला लागले, एकाने तर विचारलं काय हरवलंय का. शेवटी एक दिवस लाइट गेलेली, इन्व्हर्टरची बॅटरी पण उतरली आणि सगळं घर अंधारात, तेव्हा अचानक रेडिओ गप्प. एकदम गप्प, इतका की ७९२ वरची बाई शेजारच्या खोलीत बसून बोलतीये असं वाटलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मेन पाडला तरी इन्व्हर्टर निम्म्या घराला वीज देतच होता. तर मेन पाडल्यावर इन्व्हर्टरही त्याच्या बटणाने पूर्ण बंद करा. राउटरला छोटा यूपीएस असतो हल्ली, तो पण. चार्जिंगवाले इमर्जन्सी बल्ब असतात ना, लाइट गेली की आपोआप लागणारे, ते होल्डरमधून काढूनच ठेवा. लॅपटॉप चालू नको. म्हणजे घर खरोखर मेलं पाहिजे.

खरखर घरातलीच आहे हे कळलं की एमसीबी (मेनच्या पेटीतले वेगवेगळ्या खोल्यांचे छोटे स्विच) एकेक करून वर करा. प्रत्येकानंतर दहा सेकंद ऐका. ज्या एमसीबीला आवाज परत आला त्या खोलीत जा आणि एकेक प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा, कारण काही वस्तू बटण बंद असतानाही अर्ध्या जाग्या असतात, आणि जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. दोन-तीन चोर एकाच वेळी असू शकतात हे पण लक्षात ठेवा, एक काढल्यावर आवाज थोडाच कमी झाला तर निराश होऊ नका, त्याला तसंच बाहेर ठेवून पुढे चला. परत लावून बघत बसलात तर कुठला किती हे कधीच कळणार नाही.

माझ्याकडचा चोर कोण निघाला सांगू? देवघरातला एलईडी दिवा. यात्रेतून आणलेला, प्लगमध्ये खोचायचा, ज्योत हलल्यासारखी दिसते तो. चोवीस तास चालू, इन्व्हर्टरच्या लाइनवर, आणि इतका सवयीचा की घरातल्या वस्तूंची यादी केली त्यात तो मी लिहिलाच नव्हता, एकोणिसावी वस्तू तीच. आता तो काढायचा तर आई म्हणाली, “अरे देवाचा दिवा बंद करतोस होय?” मग मधला मार्ग म्हणून जुन्या पद्धतीचा तारवाला झिरो बल्ब बसवला. त्यात नुसती तापणारी तार असते, कसला ड्रायव्हर नाही, कसला स्विच नाही, त्यामुळे रेडिओला त्याचा पत्ताही लागत नाही. वीज थोडी जास्त खातो, खाऊ दे.

तर यादी करताना न दिसणाऱ्या वस्तूंकडे बघा. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर, बेलचा, सीसीटीव्हीचा, चार्जिंगला लावलेली मच्छर मारायची बॅट, पार्किंगमधला इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर. मोबाइल चार्जरला मोबाइल लावलेला नसला तरी तो आवाज करू शकतो.

रेडिओच होकायंत्र

चोर बाहेर असेल तेव्हा हे कामाला येतं. छोट्या रेडिओच्या आत मीडियम वेव्हसाठी फेराइटची कांडी असते, बहुतेक सेटमध्ये ती लांबीच्या दिशेने आडवी. (वर ओढायची जी स्टीलची काठी असते तिचा मीडियम वेव्हशी संबंध नाही, ती एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी, उगाच ती फिरवत बसू नका.) या कांडीचं असं आहे की तिची लांब बाजू आवाजाकडे असली की आवाज मोठा आणि तिचं टोक आवाजाकडे असलं की आवाज जवळजवळ गायब. मोठा कुठे होतो ते शोधू नका, तो बऱ्याच दिशांना मोठाच वाटतो, गायब कुठे होतो ते शोधा, ती जागा एकदम टोकदार सापडते. रेडिओ हळूहळू गोल फिरवा, आवाज बुडाला की सेटची लांबी ज्या रेषेत आहे त्या रेषेवर चोर, पुढे किंवा मागे. पुढे का मागे हे एका जागेवरून कळत नाही म्हणून पन्नास पावलं बाजूला जाऊन परत तेच करा, दोन रेषा जिथे छेदतील तिकडे चाला. कागदावर गल्लीचा नकाशा काढला तर सोपं जातं.

घराच्या आत ही युक्ती नीट चालत नाही. कारण कचरा वायरिंगमधून सगळ्या भिंतीत पसरलेला असतो, जिकडे रेडिओ न्याल तिकडे तार आहे. बाहेरही हाच घोळ होतो, खांबावरच्या तारेवरून आवाज अर्धा किलोमीटर वाहत जातो आणि तुम्हाला वाटतं हाच खांब, पुढच्या खांबाशी गेलात की तोही तेवढाच ओरडतो. अशा वेळी शॉर्ट वेव्हवर जा. वारंवारिता जितकी वर तितका हा कचरा तारेवरून कमी लांब जातो, म्हणून शॉर्ट वेव्हच्या वरच्या टोकाला, १५-२० मेगाहर्ट्झकडे जिथे तो ऐकू येतो ती जागा मूळ ठिकाणाच्या बरीच जवळ असते. मीडियम वेव्हने गल्ली शोधायची, शॉर्ट वेव्हने घर शोधायचं.

वेळ लिहून ठेवा, ही सवय फार कामाची. आठवडाभर एका वहीत, कधी सुरू, कधी बंद, हवा कशी. दिवस मावळताना सुरू आणि उजाडताना बंद असेल तर रस्त्यावरचा दिवा. फक्त उन्हात आणि ढग आला की बदलतो तर कोणाच्या तरी गच्चीवरचं सोलर किंवा शेतातला सोलर पंप. थ्री फेज आली की सुरू होतो तर विहिरीवरचं काहीतरी. आणि कोरड्या उन्हात दणकून ओरडतो पण पहिला पाऊस पडला की गप्प होतो, तो खांबावरचा ढिला नटबोल्ट किंवा इन्सुलेटर, दोन लोखंडी तुकड्यांमध्ये बारीक फट असते तिथे ठिणगी पडत राहते, पाण्याने ती फट भरली की ठिणगी थांबते.

खांबाच्या बाबतीत एक अगदी कळकळीने सांगतो. चढू नका, काठीने हलवू नका, खांबाला दगड मारून आवाज बदलतो का असलं काही करू नका, ढिलं आहे म्हणूनच तर ओरडतंय, ते तुमच्या डोक्यावर पडेल. खांबाचा नंबर लिहून घ्या आणि १९१२ वर तक्रार द्या. “रेडिओत आवाज येतो” असं सांगितलं तर कोणी मनावर घेत नाही, “खांबावर ठिणग्या पडतात, जोड ढिला वाटतोय” असं सांगा, ते खरंही आहे आणि त्यांच्या कामाचंही. आमच्या वळणावरच्या खांबाचं असंच झालं, वायरमन आला, वर जाऊन दोन पाने फिरवले, आणि माझ्या वहीतलं एक पान संपलं.

शेजाऱ्याकडे चोर असेल तर रेडिओ घेऊनच जा, तक्रार घेऊन नाही. त्यांच्याच हातात सेट द्या, त्यांनाच प्लग काढायला सांगा, आवाज थांबल्याचं त्यांच्या कानाने ऐकलं की पुढचं बोलणं सोपं होतं. आणि अडॅप्टर बदलायचा असेल तर पैसे आपण द्यायचे, दोनशे रुपयांसाठी संबंध कशाला बिघडवायचे.

सापडल्यावर काय करायचं

सगळ्यात सोपं म्हणजे बदलणे. स्वस्त बिननावाच्या एलईडी बल्बमध्ये कचरा अडवणारा भाग वाचवलेला असतो, त्याच्या जागी बऱ्यापैकी कंपनीचा लावा पण दुकानात रेडिओ घेऊन जा आणि बल्ब पेटवून शेजारी धरून बघा, दुकानदार हसेल, हसू दे. राउटरसारख्या वस्तूला जुन्या धर्तीचा जड अडॅप्टर मिळाला, ज्याच्या आत खरा ट्रान्सफॉर्मर असतो, तर उत्तम, फक्त व्होल्ट, अँपिअर आणि प्लस-मायनस जुळतंय का आणि तो डीसीच देतोय का ते बघून घ्या. चार्जर खोलून आत काही करायला जाऊ नका, आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते थोडा वेळ तिथेच बसलेले असतात.

बदलता येत नसेल तर फेराइट. केबलवर चिमट्यासारखा लावायचा तुकडा मिळतो तो मीडियम वेव्हला नुसता एकदा लावून काही होत नाही, लोक लावतात आणि म्हणतात फरक नाही. वायर त्याच्यातून आठ-दहा वेळा गुंडाळावी लागते, म्हणून मोठी रिंग घ्या. भंगारवाल्याकडे जुन्या डब्बा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या मानेवरची तारेची गुंडाळी, म्हणजे योक, मिळतं, त्यातली फेराइटची रिंग यासाठी मस्त चालते, मी तीच वापरलीये. अडॅप्टरची वायर तिच्यावर दहा वेढे, अडॅप्टरच्या जितकं जवळ तितकं चांगलं.

आणि रेडिओ हलवून बघा, हे सगळे विसरतात. टीव्हीच्या शेजारून खिडकीत आणला, भिंतीतल्या वायरिंगपासून हातभर लांब ठेवला की निम्मी खरखर फुकटात जाते. आरसीसीच्या फ्लॅटमध्ये भिंतीतल्या सळ्या स्टेशन अडवतात आणि कचरा मात्र आतच तयार होतो, त्यामुळे तिथे खिडकी किंवा गॅलरीच. रेडिओ फिरवून ठेवताना मघाची कांडीची युक्ती उलटी वापरा, टोक कचऱ्याकडे करा, स्टेशनची दिशा थोडी चुकली तरी चालते.

एवढं करूनही स्टेशन कमजोर वाटलं तर एक लूप बनवा, दीडेकशे रुपयांत होतो. दोन पट्ट्यांची अधिक चिन्हासारखी चौकट, बाजू साधारण ६० सेंटिमीटर, तिच्यावर साध्या वायरचे दहा-अकरा वेढे शेजारी शेजारी, आणि दोन टोकांना जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर (स्टेशन बदलताना फिरतो तो कपॅसिटर). ५०० पिकोफॅरडचा मिळाला तर खालची ५५८ सुद्धा आरामात गाठतो. रेडिओला वायर जोडायची गरज नाही, रेडिओ चौकटीच्या शेजारी ठेवा, स्टेशन लावा आणि गँग हळूहळू फिरवा, एका जागी आवाज एकदम उसळतो. न उसळला तर रेडिओ आडव्याचा उभा करून बघा, कांडी आणि चौकट एकमेकांशी काटकोनात असली तरच जमतं, म्हणजे कांडी चौकटीतून आरपार जाईल अशी दिशा. मग चौकट आणि रेडिओ दोन्ही मिळून फिरवा आणि कचरा जिथे बुडतो तिथे थांबा.

एक राहिलं, जुन्या सेटवर ९१० च्या आसपास एखादी बारीक शिट्टी येते आणि ती मैदानात पण येते, घरात पण. ती शोधत गल्लीत फिरू नका. जुन्या सेटच्या आत सगळी स्टेशनं ४५५ किलोहर्ट्झवर आणून मग मोठी करतात आणि ९१० ही त्याची बरोबर दुप्पट, शिट्टी रेडिओच्या पोटातलीच आहे. माझ्या वडिलांच्या सेटवर ती पहिल्यापासून होती म्हणे, काटा तिथून जाताना ते नुसते भुवई उंचावायचे आणि पुढे जायचे.